लाइटहाउसवाल्या बाईंची थाळी

लाइट घालवा म्हणालात, घालवले. आता मध्येच "काका, बास करा" म्हणायचं नाही. सिद्धेश, बेसमेंटचं दार लोटून घे, वर तुझ्या काकूची झोपमोड नको. आणि अनिका, शशिकांतकाकाने पोरांना घाबरवलं हे तुझ्या आईला कळलं, तर पुढच्या पॉटलकला मला कोणी वाढणार नाही.

"इज इट ट्रू, काका?"

खरी आहे. शेवटचा भाग सोडला तर माझ्या डोळ्यांदेखत घडलेली नाही, पण यतीनने सांगितलेली आहे. यतीन आमच्या टीममध्ये होता, इथेच ट्रॉयमध्ये. नागपूरचा. कामाला वाघ आणि बोलायला महामुका. गोष्ट रंगवून सांगायची त्याच्यात अक्कलच नव्हती, म्हणून तर माझा विश्वास बसला.

त्याची बायको स्वानंदी. नागपूरला शाळेत गणित शिकवायची. इथे आली ती एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाला लटकून. नोकरी करायची नाही. गाडी एकच, ती नवरा घेऊन जाणार. सकाळी आठ ते संध्याकाळी सात पोरगी दुसऱ्या मजल्यावरच्या किचनमध्ये. शनिवारी मात्र यतीन तिला फिरवायचा. लेक ह्यूरॉनचा किनारा धरून वर वर जायचं, वाटेत एखादी मरिना बघायची, बोटी बघत सँडविच खायचं आणि एक लाइटहाउस गाठायचं. प्रत्येक लाइटहाउसचा शिक्का वहीत मारून घ्यायचा. अकरा शिक्के झाले होते. गणपतीत तिने मला ती वही दाखवली होती, आणि मी "वा वा" म्हणून परत मोदकांकडे वळलो होतो.

बारावं लाइटहाउस जुलैमध्ये बघितलं. नाव सांगणार नाही, उद्या लगेच गाडी काढाल. दिवा कधीचा बंद पडलेला, शिक्का मारायलाही कोणी नाही. पण बाजूच्या छोट्या घरातून एक म्हाताऱ्या बाई बाहेर आल्या. स्वानंदीशी दोन शब्द बोलल्या आणि अख्खा चेरी पाय तिच्या हातावर ठेवला, निळ्या काठाच्या थाळीसकट. "डिश आणून दे परत कधीतरी," म्हणाल्या. स्वानंदी गाडीत बसून रडली. दीड वर्षात पहिल्यांदा कोणीतरी दारातून हातावर काही ठेवलं होतं.

तर ती थाळी परत करायची होती. एवढंच काम.

आता आपल्यात कोणाचं भांडं रिकामं परत करतात का? नाही ना? म्हणून थांबली. दिवाळीचा फराळ केला, थाळीत करंज्या आणि शंकरपाळे रचले, वर फॉइल लावलं. शनिवार, सहा नोव्हेंबर दोन हजार चार. दिवाळी पुढच्या शुक्रवारी. यतीन म्हणाला, "अगं, थाळीच आहे यार, पुढच्या महिन्यात देऊ." ती म्हणाली, "फराळ पुढच्या महिन्यात देतात का?"

निघायला उशीर झाला. आदल्याच आठवड्यात हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे केलेली, त्यामुळे पाच वाजताच अंधारायला लागलेलं. लाइटहाउसजवळची मरिना रिकामी होती. बोटी पाण्याबाहेर काढून पांढऱ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेल्या. माणूस नाही. बाईंच्या किचनमध्ये मात्र दिवा होता. यतीनने खिडकीसमोरच कोरोला लावली.

दार उघडंच होतं. बाई म्हणाल्या, "या."

स्वानंदीने थाळी दिली. आमच्यात भांडं रिकामं परत करत नाहीत, हेही हौसेने सांगितलं. बाईंनी करंजी उचलली, वास घेतला. खाल्ली नाही. परत ठेवली आणि म्हणाल्या, "मग मीही तुला रिकामी नाही पाठवणार. बस."

थाळी घेऊन आत गेल्या. आतलं दार लागलं.

ही दोघं टेबलाशी बसली. पाच मिनिटं गेली. दहा गेली. आतून भांड्याचा आवाज नाही, पावलाचा नाही. यतीन सहज इकडेतिकडे बघायला लागला. स्टोव्हवर धुळीचा थर. सिंकला नळच नाही.

तो उठला. म्हणाला, "चल, निघू."

बाहेरचं दार उघडायला गेला. मूठ फिरली. दार हलेना. त्याने खांदा लावला. कडी लागल्यासारखं नव्हतं ते. पलीकडे कोणीतरी पाठ टेकून उभं आहे, तसं. त्याने ढकललं की तेही मागे ढकलायचं.

मग खिडकीतून गाडी बघायला गेला.

गाडी नव्हती. पार्किंगच नव्हतं. काचेला लागून पाणी. काळं, हलणारं. चारी बाजूंनी... लेक.

"काका, नो!"

अनिका, गप्प बस, ऐक.

मागून बाईंचा आवाज आला. दार उघडलेलं त्याने ऐकलं नव्हतं.

"नवरा सकाळी जातो तुझा."

"हो," स्वानंदी म्हणाली.

"मग तू खिडकीत बसतेस."

"हो."

"काय मोजतेस?"

"गाड्या. दोनशे चाळीस झाल्या की तो येतो."

यतीनला हे माहीत नव्हतं. इतक्या दिवसांत बायकोने सांगितलं नव्हतं. त्याने विचारलंच नव्हतं.

"मी बोटी मोजायचे," बाई म्हणाल्या. "नंतर नुसतंच बसायचे. मग इथेच बस की. तिथेही बसतेसच."

यतीनने तिचा दंड धरला, ओढलं. हलेना. पाच फुटांची पोरगी, पण खुर्ची जमिनीत पुरलेली असावी तशी जड.

बाई पुढे आल्या. हातात थाळी. वर फडकं. फडक्यातून वाफ येत होती... आणि स्टोव्ह तर गार होता.

"घे."

स्वानंदीने दोन्ही हात पुढे केले.

"घेऊ नको," यतीन म्हणाला. "स्वानंदी... मी चुकलो. घेऊ नको."

हात तसेच. फडक्याला बोटं लागली...

आणि मग तिने हात मागे घेतले. "आज नको, मावशी," म्हणाली, मराठीत. "खूप उशीर झालाय."

कोणी हललं नाही.

बाई बघत राहिल्या. इतकं तोंड उतरलं त्यांचं, की स्वानंदीला राहवेना. आपल्या बायका जे म्हणतात, तेच ती सवयीने बोलून गेली.

"तुम्हीच या ना एकदा आमच्याकडे."

दार उघडलं. आपोआप. समोर कोरोला.

यतीनने दुसऱ्या दिवशी मला सांगितलं, आणि मी काय म्हणालो? "थकला असशील. भास झाला असेल." मोठा शहाणा मी.

पुढे सगळं छान झालं. स्वानंदी हसायला लागली. आईला रडत फोन करायची ते बंद झालं. यतीन रोज लवकर घरी यायला लागला, तर ती म्हणे, "माझी काळजी करू नकोस, माझा वेळ जातो." आम्हाला वाटलं, पोरगी रुळली. त्यांच्या घरापासून आम्ही दोन मैलांवर. काकू आणि मी दर भेटीत म्हणायचो, "या एकदा," "येऊ एकदा." गेलो नाही एकदाही. आजही लाज वाटते मला त्याची.

फेब्रुवारीत यतीनचं प्रोजेक्ट कॅलिफोर्नियाला हललं. दोघं गेली. आता बरी आहेत, ती शिकवते तिथे. निघताना विमानतळावर ती घळाघळा रडली, यतीनला वाटलं आमच्यासाठी.

त्यांच्या अपार्टमेंटची किल्ली मी परत द्यायची होती. ते जाऊन चार दिवस झाले होते. हीटिंग बंद. घर पूर्ण रिकामं, खुर्ची नाही, काही नाही. शेवटची नजर टाकावी म्हणून किचनमध्ये गेलो.

खिडकीच्या काचेवर, आतून, बसलेल्या माणसाचं डोकं येईल तेवढ्या उंचीवर, कपाळ टेकल्याचे डाग होते. दोन. अगदी शेजारी शेजारी.

एकात स्वानंदीची मरून टिकली चिकटलेली होती. तो वाळून गेला होता.

दुसऱ्याला मी बोट लावलं...

ओला होता.