अर्धा आटा जास्त

वडगावच्या बाजारात, हौशीरामभाऊंच्या हार्डवेअरच्या दुकानात स्टेनलेसच्या बारीक बोल्टची एकच पुडी उरली होती, आणि ती यशोधराच्या डोळ्यांदेखत एका लांबलचक हातानं उचलली.

"अहो! ती मी मागितली होती."

"मागितली तुमी, उचलली मी." हाताचा मालक हसला. केसांतून परतीच्या पावसाचं पाणी ठिबकत होतं, आणि ते पुसायचीही त्याला घाई नव्हती. "मला चारच लागत्यात. बाकीचे घ्या… चहा पाजा मग."

"वा रे वा! चोराच्या उलट्या बोंबा!"

"भांडायचं तर बाहेर भांडा," हौशीरामभाऊ खेकसले. "पावसाच्या आडोशाला आलेल्यांनी दुकान भरलंय, गिऱ्हाईक मातुर एक न्हाई."

चहा शेवटी त्यानंच पाजला. नाव सार्थक, गाव कान्हे. घरची भातशेती सांभाळून हा पठ्ठ्या पाठीला इंजिन बांधायचा, डोक्यावर पॅराशूटसारखं कापड फुलवायचा आणि कामशेतच्या डोंगरांवरून उडायचा. इंजिनाची चौकट कार्बन फायबरची. ज्या दांड्याला त्याचा पट्टा, म्हणजे पर्यायानं तो स्वतः, लटकायचा, तो दांडा बोल्टनं जोडलेला. हे ऐकलं आणि यशोधराचा राग कुठल्या कुठे पळाला. गावाबाहेरच्या एका छोट्या प्रयोगशाळेत ती नेमके असेच कार्बन फायबरचे जोड तपासायचं काम करत होती.

"त्या जोडाला आतून इजा झालीय का, कसं ओळखता?"

"बोटानं वाजवायचं. ठण्ण वाजलं की ठणठणीत!"

"कलिंगड आहे का ते?" ती इतक्या जोरात म्हणाली की चहावाला वळून बघायला लागला. "कार्बनच्या धाग्यांतून वीज वाहते. जोडाच्या दोन्ही बाजूंना तारा लावायच्या, अगदी थोडा करंट सोडायचा आणि अडथळा किती येतो ते मोजायचं. भोकापाशी धागे तुटले, थर सुटले की अडथळा वाढतो. वरून काही दिसत नाही, आकड्यात दिसतं. घेऊन या एकदा."

"एकदाच?" त्यानं विचारलं. यशोधरानं उगाचच कपातल्या सायीकडे बघितलं.

मग दर शनिवारी तो चौकट घेऊन यायला लागला. सीझन सुरू व्हायचा होता, तोवर आठवडाभर माळावर इंजिन पाठीला बांधून, कापड फुलवून जमिनीवरच त्याचा सराव चालायचा. तारा जोडताना तिची बट डोळ्यांवर यायची. तो बघायचा, आणि तिनं बघितलं की खिडकीबाहेर बघायचा. बाहेर काय होतं? एक बंद पडलेला टेम्पो. त्या टेम्पोत इतकं बघण्यासारखं काय असतं, हे देवालाच ठाऊक!

सुरुवातीला आकडा हळूहळू चढत गेला. यशोधराचा चेहरा दर खेपेला आणखी पडत गेला. आणि मग एका शनिवारी आकडा धाडकन खाली आला. पुढच्या खेपेला आणखी खाली… नव्याकोऱ्या जोडाचा नसेल इतका खाली.

आता बोला! कार्बन फायबर काय औषध घेऊन बरं होतं? तिनं तारा बदलल्या, यंत्र तपासलं, हवेतल्या ओलाव्याला दोष दिला आणि शेवटी सार्थकवर खेकसली, "तुमच्यात आणि तुमच्या या जोडात काहीतरी गौडबंगाल आहे!"

"आकडा कमी झाला म्हंजे चांगलंच की. उद्या सीझनचं पहिलं उड्डाण हाय. आमच्या वडलांना, आबांना, शबुद दिलाय; ते बी येणार हायती बघाया."

"उद्या?" तिनं पुन्हा आकड्याकडे बघितलं. आकड्याचा अर्थ लागत नव्हता, आणि हा बाबा त्याच जोडाला लटकून आभाळात जाणार होता.

तेवढ्यात त्यानं रुमाल काढायला खिशात हात घातला आणि ठण्णकन एक पाना फरशीवर पडला.

यशोधरानं पान्याकडे बघितलं. मग बोल्टकडे. मग त्याच्या तोंडाकडे.

"इथे यायच्या आधी… बोल्ट आवळता?"

"अर्धा आटा फक्त."

"दर वेळी?"

"अलीकडं दर येळी. तुमच्याम्होरं आणायचं म्हंजे…" तो मान खाजवायला लागला.

"अहो, ताप उतरवून डॉक्टरकडे जातं का कुणी!" ती कडाडली. "बोल्ट आवळला की धातू कार्बनवर दाबला जातो, वीज सुरळीत वाहते, आकडा खाली येतो. आतली इजा झाकली जाते! आणि जास्त आवळलं की वरचे थर आणखी चेपतात, ते वेगळंच!"

तिनं चारही बोल्ट सैल केले, मोजून आवळायच्या पान्यानं पहिल्या शनिवारी होते तितकेच आवळले आणि यंत्र चालू केलं. आकडा चढला… चढतच राहिला. सार्थकनं जोड बोटानं वाजवून बघितला. ठण्ण.

"वाजतंय की चांगलं," तो म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता.

"जोड कापून आत बघू?"

कापला की दांडा गेला, म्हणजे उद्याचं उड्डाण गेलं, आबांना दिलेला शब्द गेला. त्यानं चौकटीवरून एकदा हात फिरवला. मग त्यानं ती तिच्याकडे सरकवली. "कापा."

करवत थांबली. भोकाच्या कडेला, आतल्या बाजूला, थर सुटे झाले होते, ओल्या पुस्तकाची पानं सुटावीत तसे. सार्थकचा चेहरा पांढरा पडला. यशोधरानं करवत टेबलावर आपटली.

"का आवळत होतास? सांग ना! का?"

"आकडा चढला की तुजा चेहरा पडायचा," तो खाली बघत म्हणाला. "मला बघवंना. वाटलं, आकडा कमी आला तर हसशील… आन् जोड बिघडलाच, तर काम संपलं म्हणशील. मग शनिवारी मी यायचं कुटं?"

काय म्हणावं या माणसाला! कपाळावर हात मारावा की तेच कपाळ त्याच्या खांद्यावर टेकवावं, तिला कळेना.

"मूर्खा, चेहरा पडायचा तो तू त्याला लटकतोस म्हणून!" तिचे डोळे भरून आले. "नुसता जोड असता तर आकडा चढल्यावर मी पेढे वाटले असते. माझं यंत्र बरोबर निघालं म्हणून!"

बाहेर पाऊस थांबला होता. सार्थकनं खिडकीकडे बघितलं नाही. पाना उचलला आणि तिच्या हातात ठेवला. त्याची बोटं तिथेच राहिली, आणि तिनं ती राहू दिली.

"आबांना काय सांगू?"

"खरं सांग. सांगायला मी येते सोबत."

"आन् जोड तर गेला… आता दर शनिवारी दाखवायला काय आणू?"

तिनं डोळे पुसले, पाना आपल्या खणात टाकला आणि खणाला कुलूप लावलं.

"स्वतः ये. आणि हे बघ, माझ्यापुढे यायचं म्हणून काही आवळून-बिवळून येऊ नकोस. आहेस तसाच ये."