म्हातारीची लाल दोरी

ही घटना खरी आहे. पटली तर घ्या, नाहीतर सोडून द्या. ज्याच्यासोबत घडली तो देवानंद माझा सख्खा मामेभाऊ, आणि मी यात पदरचं एक अक्षर घातलेलं नाही.

आणि हो, ही रात्रीची गोष्ट नाही. भर दुपारची आहे. २०२३ चा डिसेंबर, मोखाड्याचा बाजार भरलेला, बाहेर जीपवाले "जव्हार, जव्हार" म्हणून घसा फोडतायत, आणि आत गॅरेजमध्ये देवानंद एकटा...

पण आधी बुध्याकाकाचं सांगायला हवं.

पोशेऱ्याकडून खाली उतरलं की धरणाचं पाणी लागतं. पलीकडच्या पाड्यावरची माणसं बुध्याकाकाच्या होडीने ये-जा करायची. होडीला मागे जुनं इंजिन, डहाणूच्या एका कोळ्याकडून आणलेलं. काका त्याला 'म्हातारी' म्हणायचा. आतले ठिणगी पाडणारे पॉइंट जळके, जरा ओल धरली की ठिणगी पडायची नाही. काका दोरी ओढायचा आणि दर ओढीला हाक मारायचा, "ऊठ म्हातारे!" तीनदा काही नाही. चौथ्यांदा म्हातारी खोकत उठायची. तिच्या मुठीवरचा हात सैल सुटला की लगेच गप्प.

आता आमचा देवानंद. जुन्या मोटारसायकलींना इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवण्यात त्याचा हात धरणारा तालुक्यात कोणी नाही, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगतो. त्याने मुंबईहून नवी कॉइल आणि इलेक्ट्रॉनिक ठिणगीचा सीडीआयचा डबा मागवला. जुने पॉइंट काढून फेकले.

म्हातारी पहिल्याच ओढीला उठली. मुठीवरचा हात काढून घेतला तरी चालूच राहिली. काका लहान पोरासारखा हसला.

सामानात एक लाल दोरी आली होती. एक टोक इंजिनाच्या खटक्याला, दुसरं मनगटाला. माणूस पाण्यात पडला की खटका निघतो आणि इंजिन बंद.

"मला दावं कशाला रं, देवा? मी काय बैल हाय?" काका म्हणाला.

दोघंही हसले. दोरीशिवायच इंजिन चालावं म्हणून देवानंदने खटक्याची वायर टेप मारून दाबून टाकली, दोरी गॅरेजातल्या खिळ्याला अडकवली. गिऱ्हाईक खोळंबलं होतं.

आठ दिवसांनी, बाजाराच्या दिवशी, काका परत आला.

"देवा, तेवढी दोरी लावून दे बाबा. ही लय जोरात पळते. भ्या वाटतं."

देवानंदच्या पुढ्यात चार गाड्या उघड्या पडल्या होत्या. त्याने मान वर न करता सांगितलं, "पुढच्या बाजाराला ये, काका."

पुढचा बाजार काकाने पाहिला नाही.

पाण्याखालच्या झाडाच्या खुंटाला होडी थडकली आणि तो बाहेर फेकला गेला. काठावरच्या बायकांनी सगळं पाहिलं. होडीत कोणी नव्हतं... आणि होडी गोल गोल फिरत होती. काका तिच्याकडे पोहत जायचा, ती त्याला सोडून पुढे जायची. दोनदा गेला. तिसऱ्यांदा दिसला नाही. पेट्रोल संपेपर्यंत होडी फिरत राहिली.

जुनी म्हातारी असती, तर त्याचा हात सुटताक्षणी थांबली असती.

माणसं जमली. देवानंदही गेला. काकाची बायको माघी काठावर बसली होती. सगळ्यांसमोर तिने विचारलं, "कसं झालं रं?"

आणि देवानंद बोलून गेला, "मी दोरी दिली होती, काकी. त्याने बांधली नाही."

माघीकाकीने त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

परत येऊन तो गॅरेजात शिरला. लाल दोरी खिळ्यालाच होती.

तिच्यातून पाणी ठिबकत होतं...

त्याने पुसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओली. आठ दिवस तो रोज पुसायचा. खोटं बोललो, मेलेल्या माणसावर खापर फोडलं, हे एकच डोक्यात.

मग काकीने म्हातारी विकायला त्याच्याकडे पाठवली.

आता तो दिवस. गिऱ्हाईक यायचं होतं. देवानंदने इंजिन, पंखा बुडेल असं, पाण्याच्या पिंपात उभं केलं, टेप सोडली, वायर जोडली, खटका बसवला. दहा मिनिटांचं काम. तेवढंच राहिलं होतं. मग पारखून बघायला दोरी स्वतःच्या मनगटात अडकवली.

इतक्यात बाहेरचे जीपवाले गप्प झाले.

सगळा बाजारच गप्प झाला...

खर्रर्र.

इंजिनाची ओढायची दोरी आपोआप ताणली गेली. परत आत गेली.

खर्रर्र...

खर्रर्र...

तीनदा. आणि चौथ्यांदा म्हातारी खोकत उठली. जुन्या पॉइंटवर उठायची तशी.

देवानंदने मनगट मागे ओढलं. खटका निघाला. इंजिन चालूच. त्याने पेट्रोलची नळी उपसली. चालूच. पिंपातलं पाणी गोल गोल फिरायला लागलं...

दारात माघीकाकी उभी होती. कधी आली, कळलं नाही.

देवानंदचा बांध फुटला. तो ओरडला, "काकी, तो दोरी मागायला आला होता! मी लावली नाही! मी खोटं बोललो!"

इंजिन बंद पडलं.

काकी म्हणाली, "मला म्हायती हाय. बाजाराला जाताना सांगून गेलता, दोरी लावून आणतो म्हणून."

"मग... त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"तू कधी बोलतोस, ते बघत व्हते."

देवानंद खाली बसला. मनगटातली दोरी काढायला गेला, तर ती निघेना. त्याने नुसती अडकवलेली दोरी आता घट्ट बांधलेली होती. ओल्या दोरीची, बैलाच्या दाव्याला मारतात ती गाठ. देवानंदच्या घरात दोन पिढ्या बैल नाही. त्याला ती गाठ येतच नाही.

"सोड ना, काकी..."

काकीने गाठ ओळखली. एकदा तिच्यावरून बोट फिरवलं.

"ज्यानं बांधली, त्यानं सोडावी," म्हणाली आणि बाजारात निघून गेली.

त्याने ब्लेडने दोरी कापली. मनगटावर वळ तेवढा राहिला.

इंजिन अजून गॅरेजच्या कोपऱ्यात आहे. आता कोणी होडीवाला आला की देवानंद हातातलं काम टाकून आधी त्याची दोरी लावतो. पण बाजाराच्या दिवशी, बाराच्या सुमाराला, त्याच्या मनगटावरचा वळ ओला होतो. तो फडक्याने पुसतो आणि कान देऊन बसतो.

मागच्या बाजाराला मी त्याच्या शेजारी होतो. मीही ऐकलं.

तीनदा ओढल्याचा आवाज आला.

चौथ्याची वाट बघत आम्ही दोघं संध्याकाळपर्यंत बसून होतो.