अम्मीच्या हातचा शर्ट

पहिल्या नजरेतल्या प्रेमावर फरहीनचा विश्वास नव्हता. पहिल्या नजरेतल्या कपड्यावर मात्र होता. म्हणूनच आकुर्डीच्या गॅरेजमध्ये स्कूटर दुरुस्तीला टाकताना तिने मेकॅनिककडे आधी पाहिलेच नाही. पाहिले ते त्याच्या शर्टाकडे.

"हा शर्ट मला हवाय."

रमीजने पाना खाली ठेवला. "अंगावरचा?"

"अंगावरचाच. मी मालिकांची वेशभूषा करते. आमचा नायक मेकॅनिक आहे आणि त्याचे कपडे... आत्ताच दुकानातून आणल्यासारखे दिसतात."

"आणि माझे?"

"जगल्यासारखे."

तो हसला — आधी डोळे, मग ओठ, असा त्याचा क्रम होता. "अम्मीनं शिवलाय. तिच्या मशिनीवरचा शेवटचा. मग काचबिंदूनं नजर गेली तिची. परत द्याल ना?"

"जसाच्या तसा. शब्द देते."

चित्रीकरण चाकणच्या एका बंद शेडमध्ये चालले होते. पडद्यावरचा शर्ट आज पावसात भिजतो, उद्या मारामारीत फाटतो आणि परवा पुन्हा धडधाकट दिसावा लागतो. त्यासाठी फरहीनने रमीजच्या शर्टाच्या हुबेहूब नकला शिवल्या. रंग उडवला, पॉलिशपेपरने कॉलर झिजवली, बाहीवर सायलेन्सरच्या चटक्याचा डागही उठवला.

रमीज अधूनमधून डोकावू लागला.

"शर्टाची तब्येत कशी आहे?"

"सुधारतेय. डॉक्टर चांगली मिळालीये त्याला."

"ही डॉक्टर स्वतः जेवते कधी?" असे म्हणत तो डबा उघडून तिच्यापुढे सरकवी.

एका जुन्या शर्टाच्या चौकशीसाठी माणसाने गॅरेज बंद करून आकुर्डीहून चाकण गाठावे, हे तर्काला धरून नव्हते. फरहीनने निरीक्षण नोंदवले; निष्कर्ष काढायचे मात्र टाळले.

चित्रीकरण संपले. पुढचे काम कोल्हापूरला होते. सामान टेम्पोत चढत असताना तिने रमीजच्या हाती घडी केलेला शर्ट ठेवला — नकलांपैकी एक. अस्सल शर्ट तिच्या पिशवीच्या तळाशी होता. संदर्भासाठी, असे तिने स्वतःला बजावले होते. स्वतःला ते पटले नव्हते.

रमीजने शर्ट टी-शर्टावर तिथेच चढवला. गळ्याचे बटण लावताना त्याची बोटे अडली. चूक फरहीनला त्याच्याआधी दिसली. कापडावर सारे वय तिने चढवले होते; काजे तेवढी कोरी राहिली होती.

"काज घट्ट झालंय," तो म्हणाला. मग तिच्याकडे न पाहता, हळूच — "धुतल्यावर आटलं असेल."

वाट मोकळी होती. नुसती मान हलवली असती, तरी भागले असते.

"आटलं नाही," ती म्हणाली. "हा तुमचा शर्टच नव्हे. तुमचा... माझ्याकडे आहे. मुद्दाम ठेवला."

"का?"

"तुमचं काहीतरी माझ्यापाशी राहावं म्हणून." तिने पिशवीच्या तळाशी हात घातला. "अम्मींच्या हातचा आहे हे ठाऊक असून शब्द मोडला मी. हा घ्या."

पिशवीतून काढलेला शर्ट तिने पुढे केला. रमीजने तो घेतला नाही.

"अम्मी बोटांनी शिवण ओळखते. नकली घेऊन गेलो असतो, तर दारातच पकडला गेलो असतो."

"म्हणूनच अस्सल न्या."

"तुम्हीच द्या तिच्या हातात. रोज विचारते, माझा शर्ट पळवणारी पोरगी आहे तरी कशी?"

"मग... काय सांगता?"

"सांगून कळणार नाही म्हटलं. घेऊन येतो म्हटलं."

फरहीनने शर्ट छातीशी धरला. बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.

"आकुर्डी कोल्हापूरच्या वाटेवर लागते?"

रमीजने प्रामाणिकपणे विचार केला.

"लागत नाही," तो म्हणाला. आधी डोळे हसले. "पण लावू की."