साडेतीन मिलिमीटर

कागदाच्या डाव्या कडेपासून पहिल्या अक्षरापर्यंत साडेतीन मिलिमीटर.

आधी पट्टी ठेवून मोजलं. मग शाळेतून व्हर्निअर कॅलिपर आणून मोजलं. तिन्ही कागदांवर तेवढंच अंतर.

हे घडलेलं आहे. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. जे मोजता येत नाही त्याबद्दल मी सहसा बोलत नाही, म्हणून हेही कुणाला सांगितलं नव्हतं. पण ते तीन कागद अजून माझ्या कपाटात आहेत आणि अजून पुरते वाळलेले नाहीत.

जागा इंडोनेशियातलं तेगाल, बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं आमचं छपाईचं छोटं दुकान. रात्र नव्हती. ऑक्टोबरातला बुधवार होता, भर दुपार, रस्त्यावर पांढरं ऊन.

माझा नवरा वार्सोनो प्रिंटर दुरुस्त करायचा. सगळे त्याला सोनो म्हणत. त्या बुधवारच्या पावणेतीन वर्षं आधी, जानेवारीत, पलीकडच्या बेटावरच्या एका कचेरीत दोन प्रिंटर बसवून द्यायला तो बोटीने निघाला. दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी बोटीवरचा आवाज रेडिओवर शेवटचा ऐकू आला. बोट बुडाली. नंतर अकरा जण सापडले.

तो सापडला नाही.

आमच्याकडे माणूस गेला की चाळिसाव्या दिवशी, शंभराव्या दिवशी आणि शेवटी हजाराव्या दिवशी लोक घरी जमतात, त्याच्यासाठी कुराणातला यासीन हा अध्याय वाचतात. त्यांना छोटी पुस्तिका देतात. पहिल्या पानावर गेलेल्याचा फोटो, खाली नाव, त्याखाली निधनाची तारीख. बंदराच्या बाजूच्या निम्म्या घरांच्या पुस्तिका सोनोनेच छापलेल्या. त्याची स्वतःची मात्र छापलेली नव्हती.

कारण मी तारीख देत नव्हते.

माक, म्हणजे माझी सासू, दर थोड्या दिवसांनी विचारायची.

"देह मिळालेला नाही, माक. पुरावा नाही," मी म्हणायचे.

"पुरावा तुला हवाय, नोक. त्याला दुवा हवीय."

नोक म्हणजे लेक. तिला अठ्ठ्याहत्तरावं लागलं होतं. बायकोच्या तोंडून आल्याशिवाय ती तारीख धरणार नव्हती, आणि तारीख धरल्याशिवाय एकही दिवस मोजता येत नव्हता. चाळिसावा तसाच गेला. शंभरावाही. आता हजारावाच उरला होता.

मी दिवस मोजत नाही असं सगळ्यांना सांगायचे. मोजत होते.

त्या बुधवारी नऊशे चौऱ्याऐंशी झाले होते.

दुकानातला जुना कॉम्प्युटर त्या आठवड्यात बंद पडला. त्याच्याबरोबर सोनोने केलेली सगळी मांडणी गेली. प्रिंटर तेवढा राहिला, त्याच्या हातचा, जुना. शेजारच्या गल्लीतल्या एका घराच्या दोनशे पुस्तिका छापायच्या होत्या. म्हणून सोनोचा दोस्त तारोनी वापरलेला एक कॉम्प्युटर घेऊन आला आणि ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरकडून प्रिंटर चालवणारा प्रोग्राम, शोधायला बसला.

पहिल्या ड्रायव्हरने पाच कागदांवर नुसत्या चौकटी छापल्या.

"हा प्रिंटर ना यू, माझ्या सासऱ्यासारखा आहे," तारोनी म्हणाला. यू म्हणजे ताई. "खातो पोटभर, बोलतो मात्र कुणाला कळणार नाही असं."

"हळू. समोरच्या टपरीवर बसलाय तो."

"बसू दे. त्याला कानही नाहीत. असते तर बायकोनं एवढी वर्षं ओरडून घसा बसवून घेतला नसता."

दुसऱ्या ड्रायव्हरने काळा रंग शेवाळी छापला. तिसरा नेमका याच प्रिंटरचा होता, कंपनीचाच. त्याने सगळं नीट छापलं आणि खालची शेवटची ओळ कापली. पुस्तिकेत त्या ओळीवर तारीख असते.

"खरा ड्रायव्हर असून ही तऱ्हा," तो म्हणाला. "सोनो काय म्हणायचा? सख्खा ऐकत नसेल तर चुलत बघ. शेजारच्या मॉडेलचा कुठलातरी टाकून भागवायचा तो. आणि कागदाचं मापसुद्धा स्वतःचं बनवलेलं. कुठला चुलत, किती माप, काही लिहून ठेवलंय का त्यानं?"

"नाही."

"तुला सांगितलं असेल."

"मी विचारलं नव्हतं."

त्याने सगळे ड्रायव्हर काढून टाकले. यादी रिकामी झाली ती मी स्वतः पाहिली. प्रिंटरची केबल सैल वाटते म्हणून ती गुंडाळून खिशात घातली, दुसरी आणतो म्हणाला आणि जेवायला घरी गेला.

मी खुर्चीवर बसून वह्या तपासत होते. पंखा फिरत होता.

मग पंख्याचा आवाज थांबला. पंखा मात्र फिरतच होता...

टक्... टक्.

प्रिंटरच्या झाकणावर दोन टिचक्या.

कागद आत घेण्याआधी सोनो अशा टिचक्या मारायचा. रोलर जागा होतो, म्हणायचा.

मी मान वर केली. तिथे कुणी नव्हतं.

प्रिंटरचं हेड आतल्या आत एकदा डावीकडून उजवीकडे गेलं. कागद ओढला गेला. मी पाहत होते. भीती वाटली असं म्हणता येणार नाही. मला काहीच वाटत नव्हतं. त्या जानेवारीपासून तसंच होतं.

चाचणीचं पान आलं. ड्रायव्हर टाकल्यावर येतं तेच, बारीक अक्षरांतलं. त्यावर ड्रायव्हरचं नाव होतं, आमच्या प्रिंटरच्या आधीच्या मॉडेलचं. कागदाचं माप... सोनो-यासीन. पाठवणारा... वार्सोनो. वेळ दोन वाजून वीस मिनिटं.

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दोन वीस.

खालची ओळ कापलेली नव्हती.

कागद ओला होता.

पंख्याचा आवाज परत आला.

मी कारणं शोधली. प्रिंटरच्या स्मृतीत जुनं काम अडकून राहू शकतं. पण पावणेतीन वर्षं नाही. शिवाय त्यावर त्या बुधवारचीच तारीख होती. आणि केबल तारोनीच्या खिशात होती. घरी केबल नाही मिळाली, शनिवारी शहरातून आणतो, असा त्याचा निरोप आला.

गुरुवारी शाळा सुटल्यावर मी दुकानात येऊन बसले. दोन वीसला पंख्याचा आवाज गेला. टक्... टक्. दुसरा कागद.

शुक्रवारी मी प्रिंटरची वायर भिंतीतून काढून मांडीवर घेऊन बसले.

तिसरा कागद आला.

मी त्याचा कोपरा कापून शाळेच्या प्रयोगशाळेत नेला. त्याच गठ्ठ्यातल्या कोऱ्या कागदाचाही तेवढाच तुकडा घेतला, कारण आमच्या गावात हवाच खारी असते. दोन्ही तुकडे वेगवेगळ्या परीक्षानळ्यांत शुद्ध पाण्यात भिजवले. दोन्ही नळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचे तीन तीन थेंब टाकले. मीठ असेल तर पाणी दुधासारखं होतं. हा प्रयोग मी नववीच्या मुलींना दरवर्षी शिकवते.

कोऱ्या कागदाची नळी स्वच्छ राहिली.

दुसरी... पांढरी झाली. आरपार दिसेना इतकी.

नळ्या धुतल्या, उपड्या घातल्या, घरी आले. माक अंगणात बसून तोफूचे तुकडे तळत होती.

"हातात काय आहे, नोक?" तिने विचारलं.

मी हातांकडे पाहिलं. ड्रॉपर होता. मला ते कळलं नव्हतं.

शनिवारी, नऊशे सत्त्याऐंशीव्या दिवशी, तारोनी नवी केबल घेऊन आला. मी कागद दाखवले नाहीत. एवढंच म्हणाले, "आधीच्या मॉडेलचा ड्रायव्हर टाकून बघ, कांग." कांग म्हणजे दादा.

"अगं, मग आधी सांगायचं की. तीन दिवस मला रवंथ करायला लावलंस."

त्याने तो शोधला, टाकला. मग कागदाची मापं उघडली, नवं माप लिहायला. यादी खाली सरकवली आणि त्याचा हात थांबला.

"यू."

"काय?"

"हे तू लिहिलंस?"

यादीत सगळ्यात शेवटी होतं... सोनो-यासीन. त्यापुढे डावा समास, साडेतीन मिलिमीटर.

"मला लिहिता येत नाही यात," मी म्हणाले.

"हा कॉम्प्युटर मी स्वतः पुसून आणलाय. ड्रायव्हर आत्ता टाकला, तुझ्यासमोर. मापं कॉम्प्युटरमध्ये राहतात गं, प्रिंटरमध्ये नाही राहत." त्याने कपाळ पुसलं. "मी हे लिहिलेलं नाही."

त्याला सासऱ्याचा विनोद सुचला नाही.

माक तेवढ्यात मातीच्या किटलीत चहा घेऊन आली. शनिवारी ती आणायचीच. किटली टेबलावर ठेवून ती बाकड्यावर बसली. खडीसाखरेवर चहा ओतला.

साखर तडकल्याचा आवाज आलाच नाही...

मी घड्याळाकडे पाहिलं नाही.

टक्... टक्.

तारोनी उठून उभा राहिला. त्याचा हात कळफलकावर नव्हता. प्रिंटरने कागद ओढला आणि सावकाश छापायला लागला. चाचणीचं पान नव्हतं ते. यासीनच्या पुस्तिकेचं पहिलं पान होतं. वेलबुट्टीची चौकट. फोटोची रिकामी जागा. त्याखाली ठळक अक्षरांत वार्सोनो. त्याखाली, निधन, आणि पुढे टिंबं.

तिथे हेड थांबलं.

कागद अर्धा बाहेर, अर्धा आत. कडेवरून पाणी टेबलावर ठिबकत होतं. एकेक थेंब, बऱ्याच वेळाने पुढचा.

तारोनीने कागद धरून ओढला. मग दोन्ही हातांनी. "सुटत नाही," तो म्हणाला. "फाटतही नाही, यू. कुणीतरी आतून धरल्यासारखा." त्याने प्रिंटरचं बटण बंद केलं. दिवा तसाच लुकलुकत राहिला. काम अर्धवट असलं की लुकलुकतो तसा.

माक उठली नाही. घाबरलेली दिसली नाही. तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले होते.

"किती वेळ झाला असा अडकलाय?" तिने विचारलं.

"आत्ताच, माक," तारोनी म्हणाला.

"तुला नाही विचारलं."

ती माझ्याकडे पाहत होती.

मी पट्टी घेऊन जवळ गेले. नावावर बोट ठेवलं. कागद थंड होता, बाहेर एवढं ऊन असून. मला वाटलं होतं की या क्षणी तरी काही होईल, रडू येईल, निदान छातीत काही हलेल. काही झालं नाही. बोट ओलं झालं. ते मी जिभेला लावलं. प्रयोगशाळेत असं कधी करायचं नसतं.

खारं.

"तेरा दिवस उरलेत," माक म्हणाली. म्हणजे तीही मोजत होती. "पुस्तिका शिवायलाच आठवडा जातो, नोक. मी काही म्हणत नाही. तू म्हणशील तसं."

थेंब पडला.

मी बराच वेळ पुढच्या थेंबाची वाट पाहिली. मग पट्टी बाजूला ठेवली आणि खुर्ची ओढून माकसमोर बसले.

"सत्तावीस जानेवारी," मी म्हणाले. "दुपारी दोन वीस. सोनो तेव्हाच गेला, माक. तारीख घाला."