बंद दाराची तक्रार

"दार उघडं आहे, बरं का," वाइनकपाट म्हणाले.

दार बंद होते. मृणाल गायधनीने ते पुन्हा एकदा दाबून पाहिले, मग चिडून उघडले आणि आपटून लावले. कपाट गप्प झाले. आता दुपारपर्यंत शांतता. गेले पाच दिवस हेच चालले होते. दार बराच वेळ बंद राहिले की कपाट दार उघडे असल्याची तक्रार करी, आणि खरोखर उघडले की शहाण्यासारखे गप्प बसे.

त्यात आवाज होता तिच्याच नवऱ्याचा. हेरंबने नोकरीत असताना घरगुती वाइनकपाटांसाठी हा नादसंवेदक बनवला होता. पहिल्या नमुन्यात त्याने गंमत म्हणून स्वतःचाच आवाज भरला आणि निवृत्त होताना तो नमुना नाशिकच्या घरी आणला. त्यामुळे सध्या घरात दोन हेरंब होते आणि दोघेही आपली चूक नाही असे म्हणत होते.

खऱ्या हेरंबने सगळे उपाय करून पाहिले होते. दाराचे रबर कोमट पाण्याने पुसले. पाय वरखाली करून कपाट समपातळीत आणले. दाराच्या फटीत कागदाची पट्टी धरून चारही बाजूंनी ओढून पाहिली. ती कुठेच सैल निघाली नाही. वीज बंद करून अर्ध्या तासाने चालू केली. शेवटी नाइलाजाने त्याने रेश्मा शेखला बोलावले. ती त्याच्याच हाताखाली शिकलेली, आता कंपनीची मुख्य तपासनीस.

"सर, नोंदी काढते," असे म्हणून रेश्माने टॅब कपाटाला जोडला.

"हा संवेदक नेमकं करतो तरी काय?" मृणालने विचारले. लग्नाला चाळीस वर्षे होत आली, पण हा प्रश्न तिने पहिल्यांदाच विचारला होता. हेरंबची कळी खुलली.

"रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ती घुमते ना? तसं हे कपाट आतल्या आत घुमत असतं, आपल्याला ऐकू न येणाऱ्या सुरात. दार जराही उघडलं की तो सूर बदलतो. चुंबक नाही, बटण नाही, झिजायला काही नाहीच."

"पण सर," रेश्मा म्हणाली, "दार उघडलं की सूर वर जातो. हा तर खाली घसरलाय. दार लावल्यापासून हळूहळू, आठ-नऊ तास."

हेरंबचा चेहरा उतरला. "अलार्म फक्त फरक बघतो. वर की खाली, ते बघत नाही. ती आज्ञावली माझीच."

"खाली कशानं जातो सूर?" मृणाल.

"आतली हवा आणखी गार झाली तर. पण तापमान अकरा अंशांवरून हललेलं नाही. किंवा हवा जड झाली तर. जड वायूत आवाज सावकाश चालतो," हेरंब म्हणाला.

मृणाल कपाटाकडे वळली. "कार्बन डायऑक्साइड जड असतो."

"असतो की. पण बंद कपाटात तो येणार कुठून?"

ती कपाटासमोर खाली बसली. आत बारा बाटल्या आडव्या होत्या. जांभळाची वाइन. यीस्टच्या संशोधनात तिची हयात गेली होती, आणि त्यातली वीस वर्षे एकेचाळीस क्रमांकाच्या वाणात. नेहमीच्या उबेत जांभूळ आंबवले की त्याचा वास उडून जातो. गारव्यात वास टिकतो, पण साधे यीस्ट झोपी जाते. गारव्यातही जागे राहणारे यीस्ट तिला हवे होते. एकेचाळीस जागे राही, अर्धी साखर खाई आणि मग निपचित पडे. दर वेळी. तिच्या संशोधन संस्थेने तो वाण निरुपयोगी ठरवला होता आणि महिनाअखेरीस नष्ट करायचे पत्रही तिला आले होते. या बारा बाटल्या म्हणजे तिच्या अपयशाची शिल्लक.

"रेश्मा," ती म्हणाली, "या बाटल्यांतलं काहीतरी श्वास सोडतंय. दार उघडलं की तो वायू बाहेर सांडतो, म्हणून तुमचं यंत्र गप्प बसतं."

संध्याकाळी तिने वाढदिवसाचे फुगे आणले आणि प्रत्येक बाटलीच्या तोंडावर, बुचासकट, एक एक ताणून बसवला. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडले तेव्हा अकरा फुगे लोळागोळा होऊन लोंबत होते. सात नंबरच्या बाटलीचा पिवळा फुगा मात्र मुठीएवढा टरारला होता.

मृणालला रडू आले. हेरंबने तिच्या खांद्यावर हात ठेवला, पण तो नेहमीपेक्षा हलका होता. तिला तेव्हाच शंका आली. फुगा काढून तिने बूच पाहिले. ते थोडे तिरके होते आणि त्यावर बूच काढायच्या स्क्रूचे भोक होते.

तिने त्यावर नवा फुगा बसवला. रोज फुगा बदलायचा, भरलेला फुगा पाण्याच्या बादलीत दाबून वायू मोजायचा आणि आकडा लिहायचा, हा क्रम तिने बारा दिवस चालवला. हेरंब तिच्याभोवती घुटमळत होता. न मागता चहा करत होता. तेराव्या दिवशी फुगा फुगला नाही.

"बस इथे," ती म्हणाली. "एक ग्रॅम साखर खाल्ली की यीस्ट साधारण पाव लीटर वायू सोडतं. बाटलीत किती साखर उरली होती, ते माझ्या वहीत आहे. फुग्याआधीच्या दिवसांचा वायू रेश्माच्या नोंदींवरून धरला तर एकूण वायू त्याहून जास्त निघाला. म्हणजे ती सगळी संपलीच, शिवाय कुणीतरी वरून साखर घातली. घरात गोड जांभळाचा रस आहे, त्यातली साखर मी काल मोजली. भागाकार केला तर बाटलीत एकशे ऐंशी मिलिलिटर रस गेलाय."

हेरंब खाली पाहत राहिला. "मी एक घोट घेतला होता. उणीव दिसू नये म्हणून रस भरला."

"एकशे ऐंशी मिलिलिटर म्हणजे घोट नव्हे, हेरंब. तो पेला झाला."

"चांगली लागली," तो ओशाळून म्हणाला. "तुझं ते पत्र आलं त्या दिवशीची गोष्ट. तू खोलीत दार लावून बसली होतीस. वीस वर्षं तुम्ही सगळ्यांनी ती फक्त मोजली, मृणाल. मला वाटलं, फेकून देण्याआधी एका तरी माणसानं ती आवडीनं प्यायलेली असावी."

मृणालने सात नंबरची बाटली हातात घेतली. प्रयोगशाळेत तिने या वाइनला हवेचा स्पर्शही होऊ दिला नव्हता. हवेने वाइन बिघडते, हा पहिला धडा. आणि तिचे यीस्ट इतकी वर्षे घुसमटून निपचित पडत होते. ऐन मध्यावर एकदा उघड्या बुचातून हवा आणि चार घास साखर, एवढेच त्याला हवे होते.

तिने त्याच दिवशी अहवाल लिहिला. पद्धतीच्या रकान्यात लिहिले : 'एकशे ऐंशी मिलिलिटर वाइन पतीने प्यायली, तेवढाच जांभूळरस वरून घातला.'

"हे असंच पाठवणार?" हेरंब घाबरला.

"पद्धत लपवली तर प्रयोग पुन्हा कसा करणार?"

चार दिवसांनी संस्थेचे उत्तर आले. एका बाटलीवरून निष्कर्ष काढता येत नाही. परंतु वाण क्रमांक एकेचाळीस नष्ट करण्याचा आदेश स्थगित केला असून, त्याच पद्धतीने आणखी बाटल्यांवर प्रयोग करून पाहावा.

मृणालने ते दोनदा वाचले. "त्याच पद्धतीने," ती म्हणाली. "आठ नंबरची काढ. आणि मोजपात्र."

"पुन्हा एकशे ऐंशी? मी?"

"नव्वद तू, नव्वद मी."

बाहेर अजून ऊन होते. दोघे ओट्यापाशी उभ्यानेच प्यायले. मृणालने पहिला घोट तोंडात बराच वेळ धरून ठेवला. वीस वर्षांत तिने या वाइनचे आम्ल मोजले होते, रंग मोजला होता, वासातले घटक वेगळे काढले होते. ती अर्धवट गोड होती, तुरट होती, आणि गिळल्यावर घशात जांभळाचा वास रेंगाळत होता.

"कशी आहे?" हेरंबने विचारले.

ती नुसतीच हसत राहिली.

"जीभ दाखव बघू."

अडुसष्ट वर्षांच्या डॉक्टर मृणाल गायधनीने खिडकीकडे तोंड केले आणि नवऱ्याला आपली जांभळी जीभ पूर्ण बाहेर काढून दाखवली.