चाळिसावी पुली

लाइट गेली तर जाऊ द्या. इन्व्हर्टरपाशी खुडबुड करू नका, बसा इथेच. भुतं नसतात, असं मघाशी कोण म्हणालं? नसतील बाबा. माझ्या साडूच्या धीरजचं काय झालं तेवढं ऐका, मग ठरवा.

देवळीच्या रस्त्याला एक लहानसा कारखाना आहे. सोयाबीनच्या मळणी यंत्रांसाठी तिथे बिडाच्या पुल्या ओततात. माल तपासायचं काम तीस वर्षं तानबाजींकडे होतं. शाळा चौथीपर्यंत, हत्यार एकच हातोडी. पुली दोरीला टांगायची, हलकेच ठोकायची आणि कान द्यायचा. चांगली असली तर टण्ण वाजते, आत चीर असली की थप्प. चांगलीवर पिवळ्या खडूची खूण करायची. जवानीत अशीच एक चिरलेली पुली चालत्या यंत्रावर फुटून त्यांच्या उजव्या हाताची तर्जनी गेली होती. तेव्हापासून हा माणूस एकही नग सोडायचा नाही.

धीरज डिप्लोमा करून तिथे लागला. अंगात नवी हुशारी. म्हणायचा, "तानबाजी, देवळात घंटी वाजवून राह्यले का? दहातली एक पाह्यली का झालं!"

म्हातारा खडू झटकत म्हणायचा, "मंग बाकीच्या नवाले कोण पाह्यते, बापू?"

पोळ्यानंतर तानबाजी तापानं गेले आणि तपासणी धीरजकडे आली. आमचे शहाणे दुपारच्या चहालाच कागद भरून मोकळे. चाळीस तपासल्या, चाळीस पास, खाली झोकात सही. पुल्या अजून गरमच असायच्या.

दोन हजार पंचवीसची वसुबारस. शुक्रवार, सतरा ऑक्टोबर. चाळीस पुल्या पहाटे पाचला टेम्पोनं हिंगणीच्या दुकानात जायच्या होत्या. त्यातली एक धीरजच्या सख्ख्या मोठ्या भावाच्या, योगेंद्रच्या यंत्रावर चढणार होती. संध्याकाळी योगेंद्रचा फोन आला.

"पुली पक्की पाठवजो रे. मशीनजवळ मीच उभा राह्यतो."

"टेन्शन नको घेऊ, दादा," धीरज म्हणाला.

जेवण झालं, अंथरूण टाकलं, तेव्हा बॅगेत तो भरलेला कागद दिसला. कागदाशिवाय टेम्पोवाला माल उचलत नाही. पहाटे उठायचं जिवावर आलं, म्हणून रात्रीच ठेवून येऊ म्हणाला आणि बोरगाव मेघेहून गाडी काढली. रखवालदार सणाला गावी गेलेला. अकरा चाळीसला त्यानं कुलूप उघडलं आणि शेडमध्ये पाय ठेवला.

टण्ण.

उंदरानं काहीतरी पाडलं असेल, असं त्याला वाटलं.

टण्ण.

उंदीर असा वेळ धरून वाजवत नाही. एक उतरवायची, दुसरी टांगायची, ठोकायची... तेवढाच वेळ मध्ये जात होता. त्यानं बटण दाबलं. लाइट लागला नाही.

"कोन हाय?"

...

टण्ण.

पळावंसं वाटत होतं. पण आधीचे ठोके धरून तो मोजू लागला. का, ते त्याला आजही सांगता येत नाही. वीस झाले. तीस झाले. घाम मानेवरून पाठीत उतरला.

अडतीस...

एकोणचाळीस...

थप्प.

सगळं थांबलं.

मग पुन्हा. थप्प.

जरा जवळ.

थप्प.

"तानबाजी..."

...

"पाह्यतो... आता सगळ्या पाह्यतो म्या..."

...

लाइट आपोआप लागला. शेडमध्ये कोणी नव्हतं. एकोणचाळीस पुल्या रांगेत, प्रत्येकीवर पिवळी खूण. चाळिसावी त्याच्या बुटाच्या टोकाशी पडलेली. कोरी. त्यानं किल्लीनं ठोकली. थप्प. उजेडात धरली, तर केसाएवढी चीर या टोकापासून त्या टोकापर्यंत. यंत्राजवळ उभा असलेला भाऊ त्याच्या डोळ्यांपुढे आला. भरलेला कागद त्यानं तिथेच फाडला. रडत फाडला, हे तो स्वतःच सांगतो.

सकाळी तो थेट तानबाजींच्या घरी गेला. त्यांची हातोडी रात्री कोणी नेली होती का, एवढंच त्याला विचारायचं होतं. हातोडी तेरवीपासून फोटोखाली खिळ्याला टांगलेली होती, तशीच होती.

"कोन नेते तिले? दाराले आतून कडी होती," तानबाजींच्या पत्नी यशोदाबाई म्हणाल्या. "कालच सांजीले सणाची पुसून ठेवली म्या. काऊन रे बापू? असा काऊन पाहून राह्यला?"



हातोडीच्या दांड्यावर पिवळ्या खडूचे ठसे होते. अंगठ्याचा. मधल्या बोटाचा. अनामिकेचा. करंगळीचा.

तर्जनीची जागा कोरी होती.