सटवाचं मागचं चाक

सन २०२३. मार्गशीर्ष लागून चार दिवस झाले होते. थंडी कोरडी होती.

पाटोद्यात माझं सायकलीचं दुकान आहे. दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाणारे लोक आपल्या सायकली माझ्याकडे ठेवतात आणि गुढीपाडव्याला येऊन नेतात. चाळीस वर्षांत कुणाच्या सायकलीचा नट बदलला नाही.

तोडीला गेलेल्या सटवाची सायकल आढ्याला टांगलेली होती. त्याच्या आजाची, जुनी विलायती. जाताना तो म्हणाला होता, "अजिनाथकाका, हिला कुणाला हात लावू देऊ नका. आल्यावर मला हिच्यावरच घरी जायचंय."

कडा गावच्या बद्रीनाथांनी त्याच बनावटीची सायकल दुरुस्तीला आणली. त्यांचे वडील बबनराव नव्वदीचे. मरायच्या आत त्यांना आपल्या जुन्या सायकलीवर बसायचं होतं. मी गंज उतरवला, चेनकव्हर ठोकून सरळ केलं. मागचं चाक मात्र कामातून गेलेलं. त्या मापाचं कुठंच मिळेना.

"काका, हात थकले व्हय तुमचे?" बद्रीनाथ हसले.

ते मला लागलं. रात्री मी सटवाचं चाक काढून त्यांच्या सायकलीला बसवलं. पाडव्याआधी दुसरं शोधू, असं ठरवलं. कुणाला सांगितलं नाही.

आठ दिवसांनी सटवाच्या बायकोचा, तुळजाबाईचा, फोन आला. कर्नाटकात ट्रॅक्टरखाली सापडून सटवा गेला. तिकडंच माती दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बद्रीनाथांचा फोन. आवाज बसलेला.

"काका, लवकर या... आबा उतरंनात."

अंगणात ऊन होतं. सायकल स्टँडवर उभी. बबनराव रोज तिच्यावर बसून दहा मिनिटं पायडल मारायचे. आज सकाळपासून थांबलेच नव्हते. दोघं गडी त्यांना धरून ओढत होते, पण पाय पायडलांना चिकटल्यासारखे. टाचांतून रक्त गळत होतं. उसाच्या जळक्या पाचटाचा वास येत होता. आसपास ऊस नव्हता.

मी खाली बसून पाहिलं. माणूस पायडल मारतो तेव्हा चाक फिरतं. चाकानं पायडल फिरत नाही, फ्रीव्हील असतंच त्यासाठी. इथं चाक पायडलांना फिरवत होतं.

बबनराव मला कायम नावानं हाक मारत. आता ते माझ्याकडे पाहून हळूच म्हणाले, "काका... लई लांबून चालत आलोय... आजून घर येईना..."

आवाज त्यांचा नव्हता.

"सटवा," मी सगळ्यांसमोर म्हणालो, "चाक मी काढलं. उद्या देतो."

चाक फिरतच राहिलं.

"आज देतो."

चाक थांबलं. बबनराव गड्यांच्या अंगावर कोसळले. जिवंत होते.

"दुसऱ्याचं चाक बसवलं आमच्या सायकलीला?" बद्रीनाथ म्हणाले. "तुमी, काका?"

"व्हय. मीच."

चाक खोलून घेतलं आणि एसटीनं परत आलो. सटवाच्या सायकलीला बसवलं आणि ती हातानं ढकलत त्याच्या वस्तीवर गेलो. दिवस मावळत होता. सगळी वस्ती तोडीला गेलेली, दाराला दार कुलूपबंद. सटवाच्या दाराचं कुलूप मी ओढून पाहिलं. पक्कं होतं. सायकल भिंतीला टेकवली आणि निघालो.

दहा पावलांवर मागं कडी निघाली. आतून. उंबऱ्यावरून चाकं आत गेल्याचा आवाज आला, आधी पुढचं, मग मागचं.

मी वळलो नाही. सटवाचं त्याला पोचलं.